कोर्टाच्या दारातलं कृपाण

कोर्टाच्या दारात रांग तुंबली होती. रांगेतल्या एका शिंपीणबाईंच्या पुढेच टॅक्सीवाले सरदारजी आणि सिक्युरिटीवाला यांची जुंपली होती.

“कृपाण इथे ट्रेमध्ये काढून ठेवा.”

“अहो, ते म्यानात शिवलंय, उपसताच येत नाही. चालेल म्हणून तुमच्याच साहेबांनी लिहून दिलंय. हा बघा कागद!”

“साहेब रजेवर आहेत. हत्यार ते हत्यार.”

“हत्यार कसलं? खरं बोलेन, दुबळ्याच्या पाठीशी उभा राहीन, हे देवाला दिलेलं वचन आहे ते.”

“मला पुराण सांगू नका. साक्ष द्यायचीय ना?”

“गाडीखाली आलेल्या पोरीचा मी एकटाच साक्षीदार आहे!”

“मग ते काढा, आणि आत जाऊन शपथ घ्या.”

“देवाला दिलेलं वचन तुमच्या ट्रेमध्ये टाकून आत खरं बोलायची शपथ घेऊ? आणि त्या शपथेवर तुम्ही विश्वास ठेवणार?”