परसातलं पाणी हललं तेव्हा

भ्यायचंच म्हणाल तर मी एकदाच भ्यालो, तेही पाखरांचे फोटो काढताना. भूकंपानंतरची गोष्ट. लातूरच्या घरी मी परसात मातीच्या थाळीत पाणी ठेवायचो आणि कॅमेरा घेऊन दाराआड बसायचो. मे महिन्यातली दुपार, एक बुलबुल अंघोळ करून राहिला होता. तो एकदम उडाला, पण थाळीतलं पाणी हलायचं काही थांबेना. मग कुठून तरी घरघर आली आणि पायाखालची फरशी थरथरली.

मी थेट रस्त्यावर पळालो. तिथं आठवलं, बायको आत झोपली होती. तिचं माहेर भूकंपातच गेलेलं. तसाच मागं फिरलो.

ती दारात उभी होती. वर भाड्यानं राहणाऱ्या कोचिंगच्या पोरीचा हात तिनं घट्ट धरला होता.

"मला वाटलं, भूकंप," मी म्हणालो.

"मलाबी तेच वाटलं. हिला आणायला वर गेले, तव्हा गच्चीवरून दिसलं. मागच्या गल्लीत होस्टेलसाठी बोअर मारून राहिलेत."

मी मान खाली घातली.

"पुढच्या बारीला," ती शांतपणे म्हणाली, "निदान हाक मारून पळा."