दामूचं गोल तोंड

वेतोबाची शपथ, हे सगळं खरं आहे. तशी शपथ मी थापा मारतानाही घेतो म्हणा!

माझा मित्र दामू दशावतारात सीता करायचा. दम्यावर डॉक्टरांनी त्याला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. दमा दबला, पण तोंड सुजून नारळाएवढं झालं. तो आरशापुढे रंग लावत होता, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "सीता कित्याक होतस रे? गणपती हो, सोंड तेवडी लाव!"

"मेल्या, तुझी जीभ झडांदे!" म्हणत दामू पोट धरून हसला.

त्याच दिवशी त्यानं गोळ्या टाकून दिल्या. आठवड्यात दमा उसळला आणि दामू गेला.

"एकदम बंद करायला कोणी सांगितलं?" डॉक्टर ओरडले.

दामू हसला, ही माझी थाप. त्यानं आरसा उपडा ठेवला होता.