दावं मागितलं होतं, कुत्रं नव्हे

"हॅलो?… हां… हां, रुपीच बोलते. कोण?… जरा मोठ्यानं बोला, इकडं रेंज…"

पाड्यात रेंज नावाची चीज एकाच ठिकाणी मिळते, आणि दैवाचा खेळ असा की ती जागा नेमकी रुपीच्या खळ्यात, भाताच्या उडवीला खेटून आहे. कापलेल्या भाताचे भारे रचून ठेवलेत ते तसेच आहेत. दिवाळी होऊन गेली, आजूबाजूची खळी रिकामी झाली, अर्धा पाडा वीटभट्टीवर निघून गेला. ही एकच उडवी झोडायची राहिलीय. घरातल्या तीन पोटांचं वर्षाचं भात तिच्यात अडकलंय, पण तिच्यात हात घालायची कुणाची छाती होत नाही. रुपी फोन कानाला लावून तिच्यापासून दोन हात लांब उभी राहिली.

"निशाताई? जव्हारच्या जनावरांच्या निवाऱ्यातल्या?… हां, हां, ओळखलं… बरी हाय… चैती शाळेत गेली… जेवले ना. नागलीची भाकर… नाय हो, खरंच जेवले."

जेवली की नाही, हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. नवरा, चैतीचा बाप गोरख, गेल्यापासून तिला भूक लागते की नाही, याचाही पत्ता लागत नसे.

"काय?… कुठं? खोडाळ्यात आल्यात? भुऱ्याला घेऊन?… अहो पण… ताई, ऐका ना… अहो, ऐका तं! गाडी नका वळवू इकडं. थांबा तिथंच."

"…"

"आम्ही कुत्रं नाय मागितलं. दावं मागितलं… हां, पाड्यातल्या रघुच्या हाती निरोप धाडलेला. काय बोलला रघु?… 'भुऱ्याचं दावं पाठवा.' मंग, तेच तं… दावं म्हंजे दोरी. नुसती दोरी… नाय, बांधायला नाय… तुम्हांला वाटलं आम्ही बांधायला मागितली?"

निशाताई शिकलेली, जनावरांवर जीव टाकणारी, पण शहरातून आलेली. जनावर दुसऱ्याला दिलं तरी त्याचं दावं आपल्या घरी ठेवायचं, नाहीतर गोठ्यातली बरकत त्याच्या मागोमाग चालू लागते, हे तिला कोण सांगणार? रुपीच्या सासूनं, गौराबाईनं, दावं मागितलं ते भुऱ्याला घरातून कायमचं तोडायला. निवाऱ्यातल्या मंडळींनी अर्थ काढला उलटा: घरच्यांना कुत्र्याची आठवण आली, आता दारात बांधणार! त्यांनी आनंदानं त्याला आंघोळ घातली आणि गाडीत बसवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"नाय, राग नाय आला… मला कायपण येत नाय ताई… म्हंजे राग नाय, रडू नाय. कायपण नाय… हां, सगळी हेच सांगतात, रड म्हणून. तुम्ही नका सांगू."

"…"

"अहो, तुम्हांला तं ठाऊक हाय कसं झालं ते. चैतीच्या बापसाला इथंच… मी उभी हाय ना, ह्याच उडवीत. घोणस… हां, डोली करून नेला. रस्त्याला लागायच्या आधीच संपला. कुत्रं मागनं धावत आलं, तोंड सुजून हे एवढं. आणि रस्त्यावर तुमची गाडी, बाजारातल्या शेळ्यांना सुया टोचून परत चाललेली… हां. तुम्ही औषध दिलंत, निवाऱ्यात नेलंत, तो जगला."

हे सगळं ती एस.टी.ची वेळ सांगावी तसं सांगत होती.

"तुमची काय चूक? बरंच केलंत. पण म्हातारी म्हणते, पोराचं आयुष्य कुत्र्यानं खाल्लं… एकाच सापाचं विष. माणूस गेला, कुत्रं राहिलं. तिनं तरी काय समजायचं?… नाय, तुम्ही समजावू नका. ती ओट्यावरच बसलीय, वाल निवडते. तिचे कान लांब हायत."

"…"

"दुसरं घर बघा ना त्याला… कोंडीची शेळी पण तुमच्याकडंच हाय ना? भट्टीवर गेलेल्यांची सगळी जनावरं सांभाळता तुम्ही. लोक नाव घेतात तुमचं… हां, पण कोंडी परत येणार, शेळी घेऊन जाणार. आमचं तसं नाय… अजून थोडे दिवस ठेवून बघता? काय बदलणार त्यानं? म्हातारी बोललीय, कुत्रं अंगणात आलं तं पाण्याला शिवणार नाय… करील हो, ती करील तसं. एक तीच राहिलीय, तिला पण घालवू काय?"

पलीकडून निशाताई आता हळू बोलू लागली. रुपीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खातो ना तो?… खातो. मंग झालं तं… झोपत नाय? का?… थंडी म्हणून पेंढा घातला, बरं केलं… भुंकतो? कुणावर?… पेंढ्यावर?"

तिची नजर उडवीकडे गेली. पलीकडून दोनदा हॅलो हॅलो झालं.

"हां, हाय मी. रेंज हाय. परत सांगा… तुम्ही पेंढा बदलायला गेलात, बरं… आडवा येतो. हात घालू देत नाय… चावला?… नाय चावला. मनगट तोंडात धरतो… दात न लावता… हां… हां."

"…"

"नाय ताई, वेडा नाय झाला तो. डॉक्टर काय बोलायचं ते बोलू द्यात. तो तेव्हा पण असाच उभा होता."

हे वाक्य तिच्या तोंडून जरा मोठ्यानंच गेलं. ओट्यावर वाल निवडणारे हात थांबले.

"मी होते ना इथं, भारे मोजून घेत… मला कुणी विचारलंच नाय. सगळी धावत आली तवर तो पडलेला, मंग कोण काय विचारतो?… भुऱ्या ह्या इथं, उडवीच्या तोंडाशी. भुंकायला लागला. चैतीचा बापूस बोलला, गप रं. परत भुंकला. मंग ह्याचं मनगट तोंडात धरलं. अस्संच, तुम्ही सांगता तसंच. तं ह्यानं त्याला एक पेंडी हाणली नि हसला. बोलला, उंदीर असेल, तुझा मामा. नि घातला हात… नाय, कुत्र्याला आधी नाय, मागनं. ह्याला घोणस चावली तशी भुऱ्यानं तिच्यावर उडी घेतली… हां. तोंडावर. म्हणून तोंड सुजलं."

"…"

"त्यानं सांगितलं होतं ताई."

रुपीनं हे काही लपवून ठेवलेलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, म्हणून ते पोटात पडून राहिलं होतं, एवढंच. आता बोलून टाकलं तरी काही झालं नाही. हुंदका आला नाही, डोळे भरले नाहीत.

"थांबा हां ताई. म्हातारी आलीय खळ्यात… नाय, भांडायला नाय… थांबा."

त्या दिवसापासून गौराबाईनं खळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. आज ती आली आणि उडवीसमोर उभी राहिली. कुत्र्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "गोरख हसला होता?"

"हसला होता," रुपी म्हणाली.

म्हातारी ओट्याकडे वळता वळता म्हणाली, "वरच्या रस्त्यानं या म्हणावं. खालचा फुटलाय."

"हॅलो… हां, हाय मी, हाय. ताई, या तुम्ही… हां, या म्हणते. वरच्या रस्त्यानं या, खालचा फुटलाय. म्हातारीच सांगते… हो, तीच. मी खोटं कशाला बोलू?… पाणी? पिईल ती, नाय पिईल, बघू. रस्ता तं सांगितला ना तिनं."

"…"

"नाय, बांधायचं नाय त्याला. अंगणात पण नका सोडू, सरळ खळ्यात आणा… कशाला म्हंजे? भात झोडायचंय. उंदरांनी किती नेलं काय ठाऊक. चैतीला वर्षभर काय घालू मी?… माणसं कुठली आणायची? हायत ती भट्टीवर, उरली त्यांना भीती… मला? मला कायपण वाटत नाय हो, बोलले ना… नाय, एकटी नाय. तो असेल ना. त्याला उडवीपुढं उभा करा. भुंकला तं मी मागं सरेन. नाय भुंकला, तिथं हात घालीन… आता मी त्याचं ऐकेन ताई… हॅलो?… ताई?… हॅलो?"

रेंज गेली होती. रुपीनं फोन कमरेला खोचला आणि केरसुणी घेऊन खळं झाडायला लागली.