कडीपुरतं भोक

सुतार : थांबा काकू, मला नीट कळू दे. आज बसवलेल्या नव्याकोऱ्या दाराला मी भोक पाडू?

आई : हो. कडीच्या बाजूला. इथे.

सुतार : अहो, पुरात वाहून गेलेली या गल्लीतली सगळी दारं आम्ही चौघांनी बसवली. कुणी म्हणालं रंग नको, कुणी म्हणालं उलटं उघडू दे. भोक पाडा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

बाप : तिचं काय ऐकता? बिजागऱ्यांचे स्क्रू पिळा आणि चहा घ्या.

आई : तुम्ही मध्ये बोलू नका हो.

बाप : माझ्या घराच्या दाराबद्दल मी नाही बोलायचं, मग काय शेजारच्या मांजराने बोलायचं?

आई : बोललं असतं, तर शहाण्यासारखं बोललं असतं.

सुतार : भांडू नका. काकू, हे लाकूड परगावच्या लोकांनी पाठवलंय. फट राहू नये म्हणून मी दोनदा रंधा मारला. पाणी ओसरल्यापासून इथे चोरांचा सुळसुळाट आहे. कालच समोरच्यांची भांडी गेली. भोकातून हात घालून कुणीही कडी काढेल.

आई : कुणीही कशाला? माझा मुलगा काढतो.

सुतार : मुलगा?

आई : गिरणीत दुसऱ्या पाळीला आहे. उशीर होतो. जुन्या दाराच्या फळीतली गाठ निखळून हात जाईल एवढं भोक पडलं होतं. तिथून हात घालायचा, अलगद कडी काढायचा, चपला हातात घेऊन आत यायचा. मी जागीच असायचे, पण घोरल्याचं सोंग करायचे. नाहीतर ओरडायचा, तू का जागतेस म्हणून.

सुतार : मग आता कुठे आहे तो? येऊ दे त्यालाही, हवं तसं भोक त्याच्याकडूनच आखून घेतो.

(स्क्रू पिळण्याचा आवाज थांबतो.)

बाप : पुराच्या दिवशी पुलापलीकडे गेला. तिथे एक म्हातारी अडकली होती. होडीत एकाचीच जागा उरली होती. म्हातारी आली.

सुतार : काका, मला कुणी बोललं नाही.

बाप : कशाला बोलतील? तुम्ही बिचारे स्वतःची कामं टाकून आमची दारं बसवायला आलात. शोधणारेही आले होते. गेले परत.

आई : ते गेले. मी नाही गेले कुठे.

बाप : अगं, किती फसवशील स्वतःला?

आई : तो आला आणि आतून बंद असलं तर? त्याला वाटेल, यांनी आपल्याला धरलंच नाही घरात.

बाप : वाजवेल. माणसं दार वाजवतात.

आई : तो वाजवेल? तुम्ही म्हणाला होता त्याला, पुन्हा माझी झोप मोडलीस तर बाहेरच झोप. तेव्हापासून कधी वाजवलं त्याने?

बाप : एकदाच म्हणालो होतो.

आई : एकदाच म्हणालात.

सुतार : काकू, असं करू का? भोक पाडतो, आतून सरकतं झाकण देतो. पुढे कधी वाटलं, तर लावता येईल.

आई : झाकण नको.

सुतार : बरं, नको. पण काका, आमची रीत अशी, की घर आपल्या मनासारखं नाही, घरच्यांच्या मनासारखं करायचं. इथे घरच्यांचीच तोंडं दोन दिशांना. तुम्ही सांगा.

बाप : काय सांगू? तुम्ही उद्या पुढच्या गावाला जाल. ते भोक रोज मला बघायचंय. वारा येईल त्यातून. काही हललं की मी उठून बसेन.

आई : मी तर बसलेलीच असते.

बाप : ठाऊक आहे.

आई : तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर भिंतीकडे तोंड करून झोपता.

बाप : भिंतीकडे तोंड केलं म्हणजे झोप लागते होय?

सुतार : काका, तुम्ही नको म्हणालात, तर मी हत्यारं आवरतो.

बाप : खूण केलीय?

सुतार : पेन्सिलीने. ही बघा, एवढी.

बाप : एवढ्यात नाही मावायचा. माझा हात ठेवून बघा.

सुतार : ठेवा. हां, असा. एवढं काढू?

बाप : अजून थोडं. त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे.