देठावरची पट्टी

मी, बाजारात सगळ्यांची फुलमावशी, वय ५४ वर्षे, धंदा लग्नातले पुष्पगुच्छ वाळवून काचेच्या पेटीत बसवून देणे, राहणार टेलरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, त्यांतली पुढची खोली हेच माझे दुकान, समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी हे काम एकोणीस वर्षांपासून करते. माझ्याविरुद्ध याआधी कोणाची तक्रार नाही. काल आलेली पहिलीच, आणि ती आज मिटली आहे. तरी कागद बंद करायला जबाब लागतो असे हवालदारसाहेबांनी सांगितले, म्हणून देत आहे. चहा दिला, तो घेतला.

मागच्या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी साडेनऊच्या सुमारास तक्रारदार मुलगी नवऱ्यासोबत माझ्याकडे आली. आदल्या दिवशी तिचे लग्न झाले होते. तिने लग्नातला गुच्छ माझ्या हातात दिला. त्यात पांढरे गुलाब अकरा, बारीक निळी फुले व नेचाची पाने होती. देठांना कापडी पट्टी गुंडाळलेली होती. पट्टी मळकट, कडेला औषधाचा पिवळा डाग. मुलगी "मावशी, जशीच्या तशी राहतील ना?" एवढेच म्हणाली. पट्टीबद्दल ती काही बोलली नाही व मीही विचारले नाही.

माझी कामाची रीत अशी, की आधी गुच्छाचा फोटो काढायचा आणि मग तो पूर्ण सोडवायचा. एकेक फूल ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांत पुरून डब्यात आठ-दहा दिवस ठेवायचे. नंतर फोटो बघून गुच्छ पुन्हा रचायचा. देठाला बांधलेले जे काही असते ते कचऱ्यात जाते, कारण त्याला बुरशी धरते. सॅटिनची नवी रिबीन मी माझ्याकडची लावते. या पट्टीची गाठ काही केल्या सुटेना. नखे दुखायला लागली, तेव्हा गाठीच्या शेजारी एक कात्री मारून पट्टी उलगडून घेतली.

काल दुपारी सव्वाचार वाजता दोघे पेटी न्यायला आले. मुलीने फुले पाहिली, छान झाली म्हणाली. मग पेटी फिरवून देठांकडे पाहिले व "पट्टी कुठे आहे?" असे विचारले. मी म्हटले, "अगं, ती मळकी होती. टाकली." ती स्टुलावर बसली.

मग तिच्याकडून कळले ते असे. तिचे वडील पुस्तकबांधणीचे काम करीत. लग्नाच्या दिवशी ते इस्पितळात होते, म्हणून ती नटूनथटून आधी वॉर्डात गेली. काटे तिच्या हाताला टोचतील म्हणून त्यांनी नर्सकडून पट्टी मागून घेतली आणि पडल्यापडल्या देठांना बांधली. "जन्मभर पुस्तकं बांधली, तुझी फुलं बांधायला कितीसा वेळ लागतोय!" असे ते म्हणाले. त्यानंतर अकराव्या दिवशी ते वारले. गुच्छ माझ्याकडे आला तेव्हा ते होते, त्यामुळे पट्टीचे मुद्दाम सांगावे असे तिला वाटले नव्हते.

हे ऐकून मी गप्प बसायला हवे होते. परंतु तिचा नवरा "निष्काळजीपणाला काही हद्द आहे की नाही?" असे चढ्या आवाजात म्हणाला आणि माझे डोके फिरले. मी म्हणाले, "मी फुलं टिकवते, चिंध्या नाही." मुलगी जिना उतरली. पेटी तशीच टेबलावर ठेवून दोघे तिथून थेट ठाण्यात आले.

ते गेल्यावर मी कचऱ्याची बादली जमिनीवर उपडी केली. कचरागाडी रोज येते, पाच आठवड्यांपूर्वीचे काही बादलीत नसणार हे मला ठाऊक होते. तरी केली. मला फार वाईट वाटत होते आणि जेवण गेले नाही.

आज सकाळी अकरा वाजता हवालदारसाहेब त्या दोघांना घेऊन दुकानात आले. साहेबांनी काम कसे चालते ते दाखवायला सांगितले. मी फळीवरचा मोठा डबा उतरवला. त्याचे झाकण फुटके आहे, म्हणून तो बांधून ठेवावा लागतो. बांधलेले मी सोडले, सवयीप्रमाणे गळ्यात टाकले आणि साहेबांना दाणे दाखवू लागले. दाणे तव्यावर परतून पुन्हा वापरता येतात, असे मी सांगत असताना मुलगी म्हणाली, "मावशी, तुमच्या गळ्यात काय आहे?"

मी काढून पाहिले. कडेला पिवळा डाग, आणि टोकाला तिच्या वडिलांची गाठ, जशीच्या तशी. तेव्हा मला आठवले, की झाकण त्याच पाच तारखेला माझ्या हातून पडून फुटले होते आणि टेबलावर जे हाताला आले त्याने मी डबा बांधून टाकला होता. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, मी ती पट्टी सोडत व बांधत होते. कचऱ्यात गेली असे मी म्हणाले ते नेहमी जाते म्हणून. खोटे बोलायचा उद्देश नव्हता.

साहेब म्हणाले, "म्हणजे मुद्देमाल गळ्यात घालून तुम्ही आम्हाला दाणे दाखवताय!" सगळे हसले. मुलगी हसताहसता रडायला लागली. मीही रडले. माझा जीव भांड्यात पडला, असे लिहावे.

त्यानंतर मी पेटी मागच्या बाजूने उघडली व रिबीन काढली. पट्टी धुऊन देऊ का विचारले, मुलगी नको म्हणाली. वाळलेले देठ मोडतात, म्हणून सावकाश गुंडाळली. शेवटी गाठ मारायला गेले तर तिने माझा हात धरला. "दुसरी गाठ नको, मावशी." म्हणून जिथे कात्री मारली होती तिथे बारीक सात टाके घालून जोडून दिली. पेटी तिच्या नवऱ्याने धरली होती. त्याने कालच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, मीही मागितली. तक्रार मागे घेतो असे दोघांनी साहेबांना लिहून दिले व पेटी घेऊन गेले. माझ्या डब्याला आता सॅटिनची रिबीन आहे.

हा जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "चिंध्या" या शब्दाशी ते थांबले व "हे खोडू का?" म्हणाले. मी नको म्हटले. बोलले ते बोलले. फक्त खाली एवढे लिहून घ्या, की ती चिंधी नव्हती. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.