चिंचेपाशी वाका

...वाका म्हणे! काऊन वाकू? नाही, मोटारीची वाट पाहत बसलेच आहा तर तुम्हीच सांगा, मी तिकीट घेतलं ते बसाचं घेतलं का वाकाचं?

ही रंगरावची मोटार, चिखलीहून आमच्या गावाले जाणारी. आत जागा तिसाची, बसतात साठ, आन् उरलेले आम्ही टपावर, भाजीच्या डालक्यांसंगं. राज्य मध्यप्रांताचं होतं तवा हीच मोटार, मुंबईचं झालं तवा हीच, आता महाराष्ट्र झाला, पेढे वाटले, शाळेवर झेंडा लागला, तरी हीच. दरवाजा सुतळीनं बांधलेला. ब्रेक लागला का नाही हे डायवर बाहेरचं झाड पाहून ठरवते. पण ते जाऊ द्या, सुतळीचं मी काही म्हणत नाही, मी सांगतो चिंचेचं.

अर्ध्या वाटेत नाल्याचं वळण लागते, तथी सडकेच्या कडेले चिंच. तिची एक फांदी सडकेवर आडवी, टपापासून दीड हात उंच. मोटार तथी आली का मागच्या शिडीवर लटकलेला क्लीनर पत्र्यावर दोन थापा मारते, धाड धाड, आन् ओरडते, "वाका!" की सारं टप वाकलं! म्हातारे वाकतात, बाया वाकतात, बकरीवाला आधी बकरीले वाकवते मग आपण वाकते, आमचा पाटील, जो बापापुढं वाकला नाही, तोही वाकते. फांदी वरून गेली का उठतात, आन् अर्धी राहिलेली गोष्ट तथूनच पुढं सुरू... "तं मग जावाई काय म्हणे?" वीस वर्सं! वीस वर्सं हे चालू आहे, आन् फांदी तोडावी असं एकाच्या मनात आलं नाही. वाका!

मी नाही वाकत. पोळ्यापासून नाही वाकत; होळीपर्यंत बाजाराले पायी गेलो, पण वाकलो नाही. पोळ्याच्या आधल्या बाजाराले माझा दादा तथी गेला. त्याच फांदीनं.

कडूबा नाव त्याचं. त्याच्या आधीची दोन लेकरं मायच्या हाती लागली नाहीत, म्हणून याचं नाव कडूबा ठेवलं, म्हणजे यमानं तोंडात घातलं तरी कडू लागून थुंकून द्यावं. चोवीस वर्सं लागू पडलं नाव. त्या दिवशी वांग्याचं डालकं मांडीवर धरून, मोटारीच्या तोंडाकडं पाठ करून, माझ्या समोर बसला होता. काय सांगत होता? का दिवाळी झाली का देऊळगाव राजाले पोरगी पाहाले जातो, आन् तुहा नवा सदरा घालून जातो. माझा! अजून घडी मोडली नव्हती! मी म्हटलं, देत नाही बे. मोठ्या भावाले बे म्हटलं. आन् चिंच आली.

तुम्ही म्हणसान, थापा नाही मारल्या का? मारल्या ना, दोन्ही मारल्या. पण डालक्यांच्या खडखडात थाप कोण ऐकते? शब्द पाहिजे! आन् क्लीनरच्या तोंडात तंबाखू. नुकताच मळून भरलेला, ताजा. आता थुंकू का वाका म्हणू... त्यानं "व्हं, व्हं" केलं. व्हं व्हं! आता व्हं व्हं ऐकून कोणी वाकते का? यमानं थुंकावं म्हणून मायनं नाव ठेवलं, आन् ज्यानं थुंकाचं त्यानं थुंकलं नाही!

तेरावं झालं आन् मी गेलो रंगरावकडं. तो सुपारी कातरत बसला होता. म्हणे, "माणका, फांदी माही आहे का? मोटार माही आहे. मोटारीले फांदी लागते का? नाही लागत. माणूस लागते. टपावर बसाले सांगितलं कोणी?" म्हटलं, तुमच्या शिडीनं सांगितलं. म्हणे, "शिडी सामानासाठी आहे." म्हटलं, मग टपावर तिकीट फाडता ते काय वांग्यांचं फाडता? तं म्हणे, "भावाच्या दुःखात आहेस म्हणून ऐकून घेतो. आन् जात जा मोटारीनं, फक्त तेवढं चिंचेपाशी वाकत जा."

वाका!

मग सडकेच्या ऑफिसात गेलो. तथचे साहेब पुण्याकडचे, अगदी धुतलेलं बोलणं. "तोंडी चालत नाही, लेखी अर्ज आणा." मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, रात्रभर बसून लिहिलं, 'चिंचेची फांदी तोडा नाहीतर मोटार ठेंगणी करा.' साहेबानं चष्मा लावला, चष्मा काढला. "मोटारीची उंची आमच्याकडे येत नाही. झाडाचं बूड आमच्या हद्दीत आहे, परंतु सदर फांदी शेतावरून वळून आली आहे. शेतमालकाची संमती आणा." सदर फांदी! दादाचं डोकं फुटलं ते सदर फांदीनं!

शेतमालक नारायणराव. तो म्हणे, "फांदी सडकेवर गेली म्हणजे सरकारची झाली ना गा. चिंचा तेवढ्या माह्या." म्हणजे पाहा, बूड सरकारचं, चिंचा नारायणरावच्या, मोटार रंगरावची, आन् आमचं काय? तं मुंडकं!

मग मी कुऱ्हाड घेतली. होळी जवळ आली होती. टपावर चढलो तं क्लीनर म्हणे, "कुऱ्हाडीचं लगेज पडते." म्हटलं, पाड! नाल्याचं वळण आलं तशी पत्र्यावर मीच लाथ घातली, "रोक!" डायवरनं खिडकीतून तोंड काढलं, "इथं थांबा नाही!" म्हटलं, माझा भाऊ पडला तवा थांबली होती ना? "ते येगळं!" काय येगळं? मेल्यावर थांबा आन् जित्या माणसाले नाही? डोकं फिरलं माझं, उभाच राहिलो! चालत्या मोटारीच्या टपावर, ताठ, हाती कुऱ्हाड, आन् समोरून फांदी येऊन राह्यली... मागं बसली होती आमच्या गावची गोजरबाई, दात एक नाही तोंडात, तिनं माझ्या धोतराचा सोगा धरला आन् अशी किंचाळली, अशी किंचाळली, का डायवरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. आन् लागला ब्रेक! फांदी माझ्या कमरेपासून चार बोटं!

तोडली मग. तुम्हाले वाटन लोकांनी अडवलं असन. छे! सारी मोटार खाली उतरली आन् जो तो मलेच शिकवाले लागला. "बुडापासून घाल!" "तिरपा घाव घाल ना बे, तिरपा!" "याच्या बापानं कधी कुऱ्हाड धरली होती का?" हे कोण? वीस वर्सं वाकणारे! नारायणराव धोतर सावरत पळत आला, पण तोवर चिंचा बायांच्या ओटीत गेल्या होत्या. गोजरबाईनं त्यातली एक त्यालेच दिली, "घे बापा, गोड आहे."

वाटलं, झालं. सुटलो.

पुढच्या बाजाराले मोटार वळणावर आली. चिंच उभी आहे, फांदी नाही, वर मोकळं आभाळ. क्लीनरनं थापा मारल्या, धाड धाड, "वाका!" आन् सारं टप वाकलं! बकरीसुद्धा! मी ओरडलो, कशाले वाकून राह्यले बे? आभाळ लागते का? तं पाटील वाकल्या वाकल्या म्हणे, "सवय आहे गा." आन् गोजरबाई म्हणे, "कडूबा गेला ना इथं. त्याले वाकलो समज. तूही वाक ना माणका, काय झिजते तुहं?"

काय झिजते! तुम्ही परके आहा, तुम्हाले सांगतो, माय पुसून थकली तरी तिले सांगितलं नाही. त्या दिवशी दादाची पाठ होती चिंचेकडं. माझं तोंड होतं. मले फांदी दिसली. क्लीनरच्या आधी दिसली. आन् मी काय केलं? वाकलो. मुकाट्यानं, सवयीनं, या पाटलासारखा, त्या बकरीसारखा वाकलो, आन् मान वर केली तं दादा... दोन अक्षरं आहेत हो! माझ्या तोंडात काही तंबाखू नव्हता.

म्हणून नाही वाकत. सारं टप वाकते, मी एकटा ताठ. कापलं तरी नाही वाकणार.

पण काल काय झालं... काल वळण आलं, क्लीनरकडं पाह्यलं तं त्याचे गाल फुगलेले. पुन्हा तंबाखू! फांदी नाही, काही नाही, मले माहीत आहे, मीच तोडली ना! तरी कोणाच्या तरी तोंडातून निघालं, "वाका!" असं जोरात, का नारायणरावच्या वावरातले बगळे उडाले. सारं टप वाकलं. क्लीनरही वाकला शिडीवर. आन् मी पाहून राह्यलो, कोण ओरडलं, कोण ओरडलं... तं गोजरबाई वाकल्या वाकल्या मलेच म्हणे, "हळू ओरड ना रे मेल्या, बहिरी नाही मी."

ती पाहा, आली मोटार. डालकं आधी चढवा. आत जागा नाही, शिडी मागून आहे. चिंचेपाशी फांदी नाही, हे सांगून ठेवतो, तरी तुम्ही वाकसानच. आन् क्लीनरच्या तोंडात तंबाखू दिसला तरी भेऊ नका.

मी ओरडतो.