डुप्लेक्सरचा नट

१२ मार्च, सकाळचे १०.२०. दवाखान्याच्या रांगेत सात जण होते. निवृत्त मास्तरांच्या पुढे रेडिओ दुरुस्त करणारी ताई आणि तिचा रुग्णवाहिका चालवणारा दादा बोलत होते.

"काल गाडीत पेशंट, आणि मी वायरलेसवर घसा फाटेस्तोवर ओरडतोय, नियंत्रण केंद्राला ऐकूच जाईना!"

"म्हणून तर काल रात्री केंद्रातला डुप्लेक्सर बदलला. एकाच अँटेनावर बोलणं-ऐकणं वेगळं ठेवतो तो. केंद्राच्या कानात स्वतःचाच आवाज घुमला, तर तुझा कसा ऐकू येणार?"

"अगदी तुझ्यासारखं!"

"गप रे! पण रात्री ट्यूनिंगचा स्क्रू लावून, मापून मग त्याचा नट आवळला, तिथंच स्क्रू हलला. आज सकाळी नट आवळून मग मापलंय."

मास्तरांनी नकळत मान डोलावली. ताईचा फोन वाजला, केंद्रातून.

"बोला... डोंगरामागची गाडीसुद्धा? दादा, सगळ्या गाड्या बोलल्या रे!"

हाक अठरा गाड्यांना, उत्तरे अठरा.